हयात

प्रिय धाकटे,

या नावाने हाक मारून इतकी वर्षं झाली की लिहिताना पेन जरा अडखळलं. तुझे केस आता पांढरे झाले असतील, जिना चढताना तूही कठड्याला धरत असशील, आणि मी आपली तुला धाकटे म्हणते आहे. पण दुसऱ्या कुठल्या नावाने मी तुला कधी हाक मारलीच नाही. अक्षर ओळखलंस ना? तेच आहे, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी वळवून दिलेलं, उजवीकडे झुकलेलं. तू म्हणायचीस, वारा सुटल्यावर दोरीवरचे कपडे उडावेत तशी तुझी अक्षरं दिसतात. आता हात थरथरतो, त्यामुळे कपडे थोडे जास्तच उडतील, सांभाळून घे. दुपारची वेळ आहे. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलापाशी बसले आहे, ज्याच्या पायाखाली आपण पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. पुठ्ठे किती बदलले, टेबल अजून डुगडुगतंच.

माझा पत्ता कुठून मिळाला असं तू विचारशील. पत्ता मला मिळालेलाच नाही. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीने. बाजारातून काय आणलं असं विचारलं तर मी रस्त्यात कोण भेटलं तिथून सुरुवात करते, हे तुला ठाऊक आहे.

आधी घरचं सांगते. हे गेले. मागच्या वर्षी, थंडी सरता सरता. सकाळी दाढी केली, आरशात स्वतःकडे बघून "ठीक आहे" म्हणाले, आणि दुपारी पेपर वाचता वाचता खुर्चीतच. भाऊजी त्यांच्या आधी गेले. शेवटपर्यंत तसेच घुमे राहिले. त्यांनी कोणाचं वाईट केलं नाही, पण कोणाशी दोन शब्द बोललेही नाहीत, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? सासूबाई आणि मामंजी तर केव्हाच गेले. ज्या घरात सकाळी न्हाणीघरासाठी ताटकळत उभं राहावं लागायचं, तिथे आता मी एकटी असते आणि न्हाणीघराचं दार लावायचंही विसरते. एकीपुरता चहा होईल एवढं लहान भांडंच आपल्याकडे नव्हतं. मोठ्या पातेल्यात दूध तळाला चिकटून बसतं. नवीन भांडं घ्यावं म्हणते, पण दुकानात गेले की हात आपोआप मोठ्याकडेच जातो.

यांच्या चुलतभावाचा मुलगा दर रविवारी येतो. तू गेल्यानंतर जन्मलेला, आता डोक्याला टक्कल पडलं आहे. आम्ही त्याला मिस्त्री म्हणतो, कारण आल्या आल्या तो नळ, दिवे आणि कड्या तपासतो. खरं तर तो बँकेत मोठा साहेब आहे. त्याने माझ्यासाठी एका वृद्धनिवासात खोली बघून ठेवली आहे. खिडकी बागेकडे उघडते, जेवणाची घंटा होते, डॉक्टर येऊन जातो. "काकू, तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी मी बघतो," असं तो म्हणतो. या महिन्याच्या अखेरीस त्याला हो किंवा नाही सांगायचं आहे. मुलगा मनाचा चांगला आहे, हीच पंचाईत आहे. वाईट माणसाला नाही म्हणणं किती सोपं असतं.

तर या मिस्त्रीला वंशावळीचं वेड आहे. एका रविवारी त्याने या टेबलावर भला मोठा कागद पसरला. चारी कोपरे गुंडाळू नयेत म्हणून मिठाची बरणी, माझी औषधांची डबी, एक बशी आणि स्वतःचं कोपर ठेवलं. "काकू, आपल्या घरात आता मोठ्या तुम्हीच. चुका काढा." मी बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले. आपल्या घरापाशी आले. हे, यांच्या शेजारी मी, खाली एक आडवी रेघ. मूल नाही त्या घराला अशी रेघ मारून बंद करतात म्हणे. आणि पलीकडे भाऊजी. त्यांच्या नावाखाली लिहिलं होतं, अविवाहित.

मी चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हटलं, "इथे चूक आहे. भाऊजींचं लग्न झालं होतं. मी त्या लग्नात सगळ्यांच्या पुढे मिरवले आहे." तो गोंधळला. "बाबांनी तर असंच सांगितलं," म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पण काकू, मूलबाळ नव्हतं ना? मग पुढे काही फरक पडत नाही." बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं की माझ्या नावाखालीही रेघच आहे. कान लाल झाले बिचाऱ्याचे. "तुमचं वेगळं," म्हणाला. वेगळं काय होतं, ते मी मनात शोधत राहिले. मी राहिले म्हणून कागदावर आहे. तू गेलीस म्हणून नाहीस. एवढंच वेगळं.

तो वंशावळ आणि कुटुंब-इतिहास यांच्या परिषदेला जाणार होता. मी म्हटलं, मलाही ने. त्याला वाटलं काकूंना विरंगुळा हवा आहे. मीही त्याला तसंच वाटू दिलं.

परिषद एका मोठ्या सार्वजनिक वाचनालयात होती. उंच खिडक्या, मेण लावलेली जमीन, घडीच्या खुर्च्या आणि चहाचा एक मोठा पिंप, ज्याची तोटी गळत होती. मिस्त्रीने ती लगेच हेरली. दारात प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावत होते. वर स्वतःचं नाव आणि खाली "शोध" असं छापून पुढे जागा सोडलेली. ज्या घराण्याचा शोध घेत असाल त्याचं नाव तिथे लिहायचं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत फिरत होते. आपल्या वेळी असं कोणी बघितलं असतं तर सासूबाईंनी लाटणं उगारलं असतं. माझ्या बिल्ल्यावरची जागा मी रिकामी ठेवली. एक बाई म्हणाल्या, "अहो, काहीतरी लिहा, नाहीतर कोणी बोलायला येणार नाही." खरंच कोणी आलं नाही. चहाचा कप घेऊन मी खिडकीपाशी उभी राहिले. चहा संपला तरी कप हातात धरून ठेवला. एकट्या माणसाच्या हातात काहीतरी असलेलं बरं असतं.

शेवटी भुवया झुडपासारख्या वाढलेले एक गृहस्थ आले. आयुष्यभर जमिनी मोजण्याच्या खात्यात काम केलेले. त्यांनी आपलं घराणं कितीतरी पिढ्या मागे नेलं होतं, पार घोड्यावरच्या पूर्वजापर्यंत. मी कौतुकाने विचारलं, घरी कोणकोण असतं? म्हणाले, बायको गेली. भाऊ आहे, वरच्याच मजल्यावर राहतो. बोलणं नाही. कशावरून बिनसलं ते आता दोघांनाही आठवत नाही. मग घाईघाईने घोडेस्वाराकडे वळले. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. मी तरी काय वेगळं करायला आले होते? फरक एवढाच की मला घोडेस्वार नको होता, वरच्या मजल्यावरची हवी होती.

दुपारी जुने फोटो कसे सांभाळावेत यावर एक टेबल होतं. पांढरे हातमोजे घातलेली एक तरुण मुलगी लोकांचे फोटो भिंगाखाली बघत होती. मी पर्समधून आपल्या अंगणातला फोटो काढला. तुला आठवतो का? मधे खुर्चीत सासूबाई, मागे आपण दोघी. तू गेल्यावर सासूबाईंनी शिवणाची कात्री घेऊन तुला त्यातून कापलं. पण तू माझ्या दंडात हात अडकवून उभी होतीस. कापत कापत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढे कापायचं तर मलाच कापावं लागलं असतं. त्यामुळे तुझं कोपर राहिलं, एक बांगडी राहिली. त्या मुलीने भिंग जवळ नेलं आणि विचारलं, "आजी, हे कोपर कोणाचं?" मी म्हटलं, "माझ्या जावेचं." तिने ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायला सांगितलं, शाईने नको. मग पुन्हा बघून म्हणाली, "आणि या खुर्चीतल्या आजींचा चष्मा वाकडा बसलाय, बघितलंत?"

धाकटे, मी तिथे लोकांसमोर खुदकन हसले. तो चष्मा सरळ कसा बसणार? त्याच्या दांडीचा स्क्रू तू दर आठ-पंधरा दिवसांनी भाजी चिरायच्या सुरीच्या टोकाने सैल करायचीस. मग सासूबाई ओरडायच्या, "हा चष्मा पुन्हा घसरतोय गं." आणि तू अगदी कंटाळल्यासारखी पदर खोचत म्हणायचीस, "आणा, दुरुस्त करून आणते." माझ्याकडे वळून विचारायचीस, "जाऊबाई, जाऊ?" आणि मी म्हणायचे, "जा बाई, जाऊ." सासूबाईंना वाटायचं आपल्या सुना किती आज्ञाधारक. जावा-जावांत उभा दावा, असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि आपण दावा मांडत नाही म्हणून मनातून थोड्या हिरमुसायच्या. त्यांच्यासमोर तू मला "अहो जाऊबाई" म्हणायचीस आणि स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर "अगं थोरले." एकदा त्यांच्या देखत "अगं" निसटलं तर लगेच पुढे "बाई" जोडून तू ते सावरलंस. "अगंबाई, मीठ राहिलं." मीठ आमटीत कधीच पडलेलं होतं. तू ते दुसऱ्यांदा घातलंस आणि सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

मला त्या स्क्रूचं माहीत होतं, हे तुला माहीत होतं का? आपण कधी बोललो नाही. चष्म्याच्या दुकानातून परत आलीस की तू संध्याकाळभर भांडी घासताना गुणगुणायचीस. तुझ्याशी कोणीतरी बोललेलं असायचं. भाऊजींच्या त्या मुक्या खोलीतून आलेल्या बाईला कोणी नुसतं "बसा, आज ऊन फार आहे" म्हटलं तरी पुरे होतं. मी ते ओळखून होते.

फोटोचं टेबल सोडून मी व्याख्यानाला जाऊन बसले. संगणकावर कुटुंबवृक्ष कसा काढायचा ते सांगत होते. प्रत्येक माणूस जोडताना तो विचारतो, तुमचं नातं काय? यादीतून निवडायचं. जाऊ त्या यादीत नव्हतीच. व्याख्याते म्हणाले, सिस्टर-इन-लॉ निवडा, त्यात सगळ्या येतात. मला आमच्या सिस्टरची आठवण झाली. शाळेत मी विचारलं होतं, नणंद, भावजय, मेहुणी, जाऊ या सगळ्यांना एकच शब्द कसा? सिस्टर म्हणाल्या होत्या, एवढे शब्द हवेत कशाला, भांडायला? वर्ग हसला होता. मीही हसले होते. तेव्हा मला जाऊ नव्हती.

सगळ्यात शेवटच्या कोपऱ्यात "हरवलेली नाती" असा फलक लावलेलं टेबल होतं. मागच्या बाई डोक्यावर चष्मा ठेवून टेबलावर तोच शोधत होत्या. मी दाखवल्यावर म्हणाल्या, "बघा, इथे बसून मी लोकांची माणसं शोधते." मग सरसावून बसल्या. "कोण हवंय?" जाऊ, म्हटलं. दिरांचं नाव विचारलं, सांगितलं. दिरांपासून वेगळी झाली, तेही सांगितलं. त्यांनी संगणकावरचे हात थांबवले आणि दुकानदार हा माल आता येत नाही असं सांगतो तशा हळू आवाजात म्हणाल्या, "मग बाई, त्या आता तुमच्या नात्यात नाहीत." मी म्हटलं, "नातं त्या दोघांनी मोडलं. आम्ही दोघींनी नव्हतं मोडलं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. माझ्या मागे रांग नव्हती, हे माझं नशीब. म्हणाल्या, "पुढे कुठे गेल्या, काही कल्पना?" म्हटलं, "चष्म्याच्या दुकानात."

दुकानाच्या पाटीवर होतं ते नाव मी सांगितलं. त्यांनी बरंच काही दाबलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. कोणीतरी त्या घराण्याचा वृक्ष करून ठेवला होता. त्यात तुझे चष्मेवाले होते. नाव, जन्म, व्यवसाय. आणि मृत्यू. हे गेले त्याच्या आधीच्याच वर्षी. असं कळायला नको होतं मला, परक्या माणसांच्या गर्दीत, पडद्यावर. तू तेव्हा कोणाच्या गळ्यात पडून रडलीस, हाच विचार आधी आला. त्यांच्या शेजारी एक राखाडी चौकट होती. तिच्यात नाव नाही, साल नाही, नुसता एक शब्द. हयात.

बाईंनी समजावलं की गेलेल्यांचं सगळं उघड असतं, जिवंत माणसांचं काही दाखवत नाहीत, ते खासगी. जिवंत आहे एवढंच सांगतात. मी पडद्याला हात लावला तर म्हणाल्या, "बोट लावू नका, पान उलटेल." मग त्यांनीच मला खालची रेघ दाखवली. तुझ्या चौकटीतून एक रेघ खाली उतरली होती आणि तिथेही तशीच राखाडी चौकट. हयात. मुलगा की मुलगी कळत नाही. पण तुझ्या खाली आडवी रेघ नाही, धाकटे. उभी आहे. मी इतकी रडले की त्या बाई घाबरल्या. "अहो, ही चांगली बातमी आहे," म्हणाल्या. म्हटलं, "म्हणूनच."

पत्ता द्यायची त्यांना परवानगी नव्हती. ज्याने तो वृक्ष केला त्याच्याकडे बंद पाकीट पोहोचवता येईल, पुढे द्यायचं की नाही ही त्याची मर्जी. म्हणजे हे आधी बहुतेक तुझ्या लेकराच्या हाती पडेल. बाळ, मी तुझी कोण लागते ते यादीत सापडणार नाही. आईला विचार. आणि तिने सांगायला सुरुवात केली की मध्ये बोलू नकोस.

परतताना गाडीत मिस्त्रीने विचारलं, "काकू, काही सापडलं का?" म्हटलं, माझी जाऊ. "त्या लग्नातली तुमची जाऊ होती, ती?" मी म्हटलं, "होती नाही. आहे. हयात आहे."  घरी आल्यावर त्याने कागद पसरला, भाऊजींच्या नावाखालचा तो शब्द स्वतःच खोडला आणि पेन्सिल धरून विचारलं, नाव काय लिहू? मी म्हटलं, थांब. तिला विचारल्याशिवाय नको. तिला या कागदावर यायचं आहे की नाही, ते तीच सांगेल.

आता एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. या घरातल्या तुझ्या शेवटच्या महिन्यांत तू घाबरली होतीस. भाजीची सुरी हातात घ्यायचीस आणि पुन्हा ठेवून द्यायचीस. चष्मा कित्येक दिवस नीट बसला होता, दुकानात जायला निमित्त नव्हतं, आणि तुझं गुणगुणणं बंद झालं होतं. एका सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या असताना तो स्क्रू मी सैल केला. सुरी घसरून बोट कापलं, तर कांदा चिरताना लागलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी तू दुकानातून उशिरा आलीस आणि तुझ्या चेहऱ्यावर सगळं ठरलेलं दिसत होतं. माझं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त त्या घरात मला एकच बोलणारं माणूस होतं, आणि ते मी आपल्या हाताने मोकळं केलं. तेव्हापासून आमटीत मीठ एकदाच पडतं.

तू निघालीस त्या सकाळी कोणी तुझ्याकडे बघत नव्हतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, भाऊजी पेपर उघडून. तू बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलीस. "जाऊबाई, जाऊ?" म्हणायला तोंड उघडलंस आणि ते आपलं नेहमीचं तुझ्याच्याने म्हणवेना. मग लहानपणापासूनच्या सवयीने, घरातून निघताना सगळे म्हणतात तसं, म्हणालीस, "येते हं." मी म्हटलं, "ये."

हे सांगायला मी लिहिते आहे. महिन्याच्या अखेरीस मला हो किंवा नाही सांगायचं आहे, आणि त्या बागेकडच्या खिडकीत बसून मी कोण म्हणून राहणार ते मला कळत नाही. यांची बायको म्हणून होते, ते गेले. कोणाची आई नाही. धाकटी नसेल तर थोरली तरी कोणाची थोरली? तुझं तिथे घर असेल, लेकरू असेल, कदाचित नातवंडंही. कायमचं ये असं म्हणायचा मला हक्क नाही. जमलं तर तसं, नाहीतर महिनाभर, नाहीतर चार दिवस. वरची खोली मी झाडून घेतली आहे. मिस्त्रीने खिडकीची कडी बसवली, कोणासाठी ते विचारलं नाही. चहाचं लहान भांडं अजून घेतलेलं नाही. तुला यायचं नसेल तर एका ओळीत तसं कळव, मी त्याला हो म्हणून टाकीन आणि रागावणार नाही. पण तू जाताना "जाते" म्हणाली नव्हतीस, धाकटे. आणि मी जे "ये" म्हटलं होतं, ते अजून मागे घेतलेलं नाही.

तुझीच,
थोरली